गाडीला नाइट व्हिजन बसवायचंय? आधी रात्री काय दिसत नाही ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावचे एक द्राक्षबागायतदार हंगामात रात्री-अपरात्री विटा-कराडमार्गे हायवेला येतात. गाडी जुनी बोलेरो. समोरून येणाऱ्या अप्पर लाईटमुळे आणि उसाच्या ट्रॉल्यांमुळे जीव मुठीत धरून चालवावी लागते. म्हणून पुढे नाइट व्हिजन कॅमेरा लावायचा आणि त्याचं चित्र समोरच्या काचेवर, आरपार रस्ता दिसेल अशा बेतानं पाडायचं, असा त्यांचा विचार आहे. कॅमेरा कोणता घेऊ, थर्मलच घेऊ का, आणि काचेवरचा डिस्प्ले जमतो का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, कॅमेरा बसेल आणि उपयोगीही पडेल. काचेवर हलतं चित्र पाडायचा नाद मात्र सोडा. मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगची आणि कॅमेरा-स्क्रीनची कामं करतो. या कामासाठी कुणी आलं की मी आधी एवढंच विचारतो, रात्री तुम्हाला नेमकं काय दिसत नाही? माणूस, जनावर, की दिवे नसलेली उभी ट्रॉली? कारण 'नाइट व्हिजन' या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि एकीला जे दिसतं ते दुसरीला दिसतंच असं नाही.

पहिली इन्फ्रारेड दिव्याची. आपल्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा उजेड दिसत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉन सेन्सरला हजारेक नॅनोमीटरपर्यंतचा दिसतो. म्हणून पुढे ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे एलईडी लावायचे. रस्ता कॅमेऱ्यासाठी उजळतो आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. आपला अप्पर कायम चालू आहे, फक्त तो दुसऱ्या कुणाला दिसत नाही, असंच समजा. टोयोटानं २००२ मध्ये लँड क्रूझरला आणि मर्सिडीजनं २००५ च्या एस-क्लासला हीच पद्धत वापरली.

दुसरी थर्मल. हिला दिवा लागतच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे उष्णता बाहेर टाकत असते. त्यातली ८ ते १४ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) पट्टी हा कॅमेरा पकडतो आणि कुठे गरम, कुठे थंड याचं काळं-पांढरं चित्र बनवतो. कॅडिलॅकनं २००० च्या डी-व्हिल मॉडेलला ती पहिल्यांदा दिली, २००५ मध्ये बीएमडब्ल्यूनं ७ सीरिजला. कास-बामणोलीकडे किंवा कोयनेच्या अंगाला रात्री रस्त्यावर गवा आडवा येतो. काळा कुळकुळीत गवा हेडलाईटमध्ये अगदी जवळ आल्याशिवाय कळत नाही, पण थर्मलमध्ये तो शंभर-दीडशे मीटरवरून पांढरा ठिपका होऊन दिसतो. शिराळ्याच्या उसातून बिबट्या निघाला तरी तसंच. समोरच्या गाडीच्या झगमगाटाचा थर्मलवर काही परिणाम होत नाही, कारण तो उजेड त्याच्या पट्टीतच बसत नाही. एवढं ऐकलं की गिऱ्हाईक म्हणतं, मग थर्मलच द्या.

पण तुमच्या रस्त्याचा शत्रू गवा नाही, दादा. ऊस आहे.

दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत आपले सगळे रस्ते उसाच्या वाहतुकीनं भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागचा दिवा तुटलेला, ऊस मागे हातभर बाहेर आलेला. काट्यावर नंबर लागेपर्यंत कडेला उभ्या राहिलेल्या ट्रॉल्या वेगळ्याच. आता हे थर्मलमधून बघा. ट्रॅक्टरचं इंजिन आणि सायलेन्सर फटफटीत पांढरं, पण ते पुढे, उसाच्या ढिगाआड. तुम्ही मागून येताय. तुमच्या वाट्याला येतो तो संध्याकाळपासून गारठलेला, दवानं ओला झालेला ऊस. त्याचं तापमान आजूबाजूच्या हवेएवढं. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता त्याच्यापेक्षा गरम असतो, म्हणून ट्रॉली दिसते खरी, पण राखाडी पार्श्वभूमीवर गडद राखाडी ठोकळा म्हणून. गव्यासारखी डोळ्यात भरत नाही. चालत्या ट्रॉलीचे टायर थोडे उबदार दिसतात, तासभर उभ्या असलेल्या ट्रॉलीचे तेही नाहीत. बैलगाडीचंही तेच. बैल गरम, गाडीवानही गरम, पण दोघंही उसाच्या भाऱ्याआड. मागून दिसतील तर बैलांचे पाय, तेही रस्ता सरळ असेल तर.

त्यात थर्मल कॅमेरा चित्राचा उजळपणा आपोआप जुळवत असतो. समोरून एखादा ट्रक तापलेलं रेडिएटर घेऊन आला की तो सगळ्यात गरम धरला जातो, आणि उरलेलं चित्र एकाच राखाडीत दाबलं जातं. नेमकी तेव्हाच कडेची ट्रॉली त्या राखाडीत विरघळते. सूर्य मावळताना आणि सकाळी उगवल्यावर थोड्या वेळानं, दिवसातून दोनदा, रस्ता आणि वस्तू यांचं तापमान जवळपास एक होतं. तेव्हाही थर्मलला फारसं काही सांगता येत नाही. आणि मे महिन्यात विट्याच्या बाजूला संध्याकाळी हवा अडतीस-एकोणचाळीसवर असते, त्या वेळी माणूससुद्धा ठळक दिसत नाही.

इन्फ्रारेड दिव्याच्या कॅमेऱ्याला ट्रॉली कशी दिसते? ती गार असो, गरम असो, उजेड पडला की दिसते. आणि हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना जे रिफ्लेक्टर चिकटवतात, ते ज्या दिशेनं उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवतात. कॅमेरा आणि दिवा जवळजवळ असले की चिखलानं अर्धा झाकलेला रिफ्लेक्टरसुद्धा पडद्यावर पेटल्यासारखा दिसतो. म्हणून तासगाव-विटा-कराडसाठी मी इन्फ्रारेडच सुचवीन. कास, कोयना, चांदोलीच्या बाजूला रोज जाणं असेल आणि खिसा भरलेला असेल तर थर्मल. तुम्हाला एकच घ्यायचाय म्हणून एकच सांगतोय. दोन्ही मिळून सगळ्यात चांगलं हे उघड आहे.

आता कॅमेरा निवडताना लोक जिथे फसतात ते सांगतो, कारण यातच बहुतेकांचे पैसे जातात. बाजारात 'नाइट व्हिजन' लिहिलेला कॅमेरा म्हणजे बहुधा मागे रिव्हर्सला लावायचा, सभोवती आठ बारीक एलईडी असलेला. त्या एलईडींचा उजेड दोन-चार मीटर जातो, पार्किंगपुरता. आणि त्याची लेन्स असते १४० अंशांची, म्हणजे सगळं दिसतं पण सगळं बारीक. हिशेब करून बघा. ७२० पी कॅमेऱ्याचं चित्र १२८० ठिपके रुंद. ते १४० अंशांवर पसरले की एका अंशाला नऊ ठिपके. साठ मीटरवरचा माणूस दीड अंशाच्या जरा वर भरतो, म्हणजे पंधरा ठिपके उंच. सात इंची स्क्रीनवर तो दोन मिलिमीटरसुद्धा होत नाही. गाडी हादरतेय, डोळा रस्त्यावर आहे आणि दोन मिलिमीटरचा माणूस शोधायचाय!

तोच सेन्सर ठेवून पुढे ८ मिलिमीटरची लेन्स लावली, तर १/२.८ इंची सेन्सरवर दृष्टिक्षेत्र चाळीस अंशांच्या आत येतं आणि तोच माणूस सहा मिलिमीटरच्या वर जातो. या लेन्सा बारीक आट्यांच्या असतात, एम-१२ म्हणतात. फिरवून फोकस करायचा, चेकनट आवळायचा आणि वर सिलिकॉनचा एक थेंब, नाहीतर पुसेसावळीच्या खड्ड्यांत फोकस हलतो. १२ मिलिमीटरची आणखी लांबचं दाखवते, पण वळणावर शेताचा बांध दाखवत बसते. घाटात तर ८ चीही तीच गत. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली इथल्या वळणांवर गाडीचं तोंड डोंगराकडे असतं, कॅमेऱ्याचंही तिकडेच, आणि धोका असतो तुमच्या उजव्या हाताला. घाटात कॅमेऱ्यावर अवलंबून राहूच नका. ही सरळ रस्त्याची वस्तू आहे.

किती लांबचं दिसायला हवं, हे वेगावर आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात तेहतीस मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी चाळीसेक. म्हणजे पंचाहत्तर मीटर. ओल्या रस्त्यावर तेच पंच्याण्णवच्या आसपास. डिपर लाईट उपयोगाचा उजेड देतो तो पन्नास-साठ मीटरपर्यंत. ही जी मधली वीस-तीस मीटरची फट आहे, तीच तुम्हाला कॅमेऱ्याकडून भरून हवीय. ताशी ६० नं चाललात तर थांबायला पन्नास मीटरच्या आतच लागतात आणि फट आपोआप बुजते, तीही फुकट. हे तुम्हाला पटणार नाही, माल वेळेत पोचवायचा असतो, पण हिशेब हिशेब आहे.

सेन्सर कमी उजेडाचा घ्या, सोनीचे स्टारव्हिस नावाचे येतात ते चांगले. आणि त्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसावा, किंवा रात्री बाजूला सरकणारा असावा. साध्या डॅशकॅमला हा फिल्टर पक्का बसवलेला असतो. अशा कॅमेऱ्यापुढे कितीही इन्फ्रारेड दिवे लावा, काळोख तो काळोखच. दुकानात तपासायचं असेल तर टीव्हीचा रिमोट खिशात घेऊन जा. कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर टोकाचा दिवा लखलखीत पेटला तर कॅमेरा घ्या, मिणमिणला किंवा दिसलाच नाही तर परत ठेवा.

तुमच्या जुन्या बोलेरोचा एक फायदा आहे. तिला एच-४ हॅलोजन बल्ब असतील. हॅलोजन आपल्या डोळ्याला जेवढं देतो त्यापेक्षा जास्त इन्फ्रारेडमध्ये उधळतो, आणि ते या कॅमेऱ्याला फुकटात मिळतं. एलईडी हेडलाईटमधून जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणजे एलईडी बल्ब टाकून वर इन्फ्रारेड कॅमेरा लावणारा माणूस एका हातानं देतो आणि दुसऱ्यानं काढून घेतो.

तरी वेगळा इन्फ्रारेड दिवा लागेलच. ८५० नॅनोमीटर लांब पोचतो, कारण सेन्सरला तो जास्त दिसतो, पण अंधारात त्याचा निखाऱ्यासारखा मंद लाल ठिपका दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीच्या पुढे लाल दिवा दिसता कामा नये असं आहे, तेव्हा समोरच्याला तुमच्या ग्रिलमध्ये लाल चमक दिसणं बरं नव्हे. ९४० ला ही चमक नसते. पल्ला कमी मिळतो, मग एलईडी जास्त आणि झोत अरुंद घ्यावा लागतो. मी ९४० च लावतो. दिवा डोळ्याला दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी असं समजू नका. उजेड दिसला की डोळ्यातली बाहुली आकुंचन पावते, इन्फ्रारेडला ती पावत नाही. जोरदार दिव्यासमोर हातभर अंतरावर कुणी उभं राहिलं, टोल नाक्यावर किंवा पंपावर, तर ते डोळ्यात तसंच शिरतं. म्हणून या दिव्याला वेगळं बटण हवं आणि गाडी थांबली की तो बंद.

कॅमेरा आतून काचेमागे लावला तर चालेल का? इन्फ्रारेडचा चालतो, वायपर जिथून फिरतो त्या पट्ट्यात, पण दिवा बाहेरच हवा. आत लावला तर काचेवरून उजेड उलटा येऊन चित्र दुधाळ होतं. काही नव्या गाड्यांच्या काचा उष्णता अडवणाऱ्या असतात, त्या इन्फ्रारेडही अडवतात. तिथे कॅमेराही बाहेरच. थर्मलला मात्र काच म्हणजे भिंत. ८ ते १४ मायक्रॉनची उष्णता काचेतून जातच नाही. म्हणून त्याची लेन्स जर्मेनियमची असते आणि कॅमेरा ग्रिलमध्ये बसतो. एकानं महागडा थर्मल घेऊन, दगड लागू नये म्हणून त्याच्यापुढे ॲक्रिलिकची छान पट्टी स्क्रूनं बसवून घेतली होती. चित्रात रस्ता नव्हताच, होता तो नुसत्या पट्टीचा एकसारखा राखाडी पडदा. संरक्षण हवंच असेल तर पातळ पॉलिथिनची खिडकी चालते. घरातल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर जी पांढरट टोपी असते ती त्याच जातीची. लेन्सवर पाण्याचा थर बसला तरी थर्मल आंधळा होतो, म्हणून भर पावसात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून गाडी लावत असाल तर झाकण घाला, उन्हाकडे बघत राहिल्यानं त्याचा सेन्सर भाजू शकतो.

स्वस्तातले थर्मल २५६ बाय १९२ ठिपक्यांचे असतात, लेन्स पन्नासेक अंशांची. शंभर मीटरवर एक ठिपका चौतीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे उभा माणूस पाच ठिपके. तो माणूस आहे की खांब, हे तुम्हीच ठरवायचं. ३८४ ठिपके आणि चोवीस अंशांची लेन्स असेल तर तोच माणूस पंधरा ठिपके होतो, आणि किमतही त्याच हिशेबानं चढते. बऱ्याच थर्मलना सेकंदाला नऊच चित्रं दिलेली असतात, अमेरिकी निर्यात नियमांमुळे. ताशी ८० ला दोन चित्रांमध्ये गाडी अडीच मीटर पुढे गेलेली असते. अधूनमधून आतलं शटर टक् करून बंद होतं आणि चित्र क्षणभर थिजतं, तो बिघाड नाही, सेन्सर स्वतःला सरळ करून घेतो.

धुक्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारणारच. महाबळेश्वर-पाचगणीच्या दाट धुक्यात दोन्ही कॅमेऱ्यांचा फारसा उपयोग नाही. इन्फ्रारेड दिव्याचा उजेड धुक्यावरून तसाच परत येतो जसा अप्परचा येतो. विरळ धुक्यात थर्मल थोडं पुढचं दाखवतो, दाट धुक्यात तोही हात टेकतो. तिथे डिपर, फॉग लॅम्प, कडेची पांढरी पट्टी आणि पहिला-दुसरा गिअर.

आता काचेवरच्या चित्राकडे. तुमच्या डोक्यात जे आहे ते असं, की काळोखातला रस्ता आणि कॅमेऱ्याचं चित्र एकमेकांवर तंतोतंत बसेल, ट्रॉली जिथे आहे तिथेच काचेवर उजळेल. कॅमेरा आहे ग्रिलमध्ये, तुमच्या डोळ्याच्या हातभर खाली आणि दीड-दोन मीटर पुढे. साठ मीटरवरच्या वस्तूशी चित्र जुळवलं तर दहा मीटरवरची वस्तू सरकलेली दिसणार, आणि दहावर जुळवलं तर साठ बिघडणार. त्यात तुम्ही सीटवर जरा रेललात की सगळंच सरकलं. चालकाचं डोकं कुठे आहे हे सतत मोजणारी यंत्रणा असल्याशिवाय हे जुळत नाही. चुकीच्या जागी उजळलेली ट्रॉली ही न दिसणाऱ्या ट्रॉलीपेक्षा वाईट.

दुसरी अडचण काचेची. समोरच्या काचेला दोन पृष्ठभाग, आतला आणि बाहेरचा, आणि दोन्हीवरून प्रतिबिंब येतं. त्यामुळे आकड्याला सावलीसारखा दुसरा आकडा चिकटलेला दिसतो. गाडीच्या कारखान्यातून हेड-अप डिस्प्ले, म्हणजे काचेवर वेग वगैरे दाखवणारा एचयूडी, देतात तेव्हा काचेच्या दोन थरांमधला प्लास्टिकचा पदर वर-खाली किंचित जाडीचा फरक ठेवून बनवतात आणि दोन्ही प्रतिबिंबं एकावर एक आणतात. तुमच्या बोलेरोची काच तशी नाही. वेगाचा मोठा आकडा एवढ्यानं वाचता येतो, हलतं चित्र दुहेरी झालं की त्यात काही कळत नाही. शिवाय बोलेरोची काच बरीच उभी. डॅशवर सपाट ठेवलेल्या एचयूडीचं प्रतिबिंब तिच्यात चपटं आणि फिकट दिसतं. खाली पाचर घालून चालकाकडची कड उचलावी लागते, तेव्हा कुठे ते डोळ्याच्या रेषेत येतं. लोक मग काचेवर चकाकणारी फिल्म चिकटवतात. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार झाला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०० मध्ये आहे, आणि २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून काचेवरची फिल्म पोलिसांच्या नजरेत पटकन भरते. दुकानांच्या शोकेसमध्ये दिसतात ते पारदर्शक ओएलईडी पडदे तर निम्म्याहून कमी उजेड पार सोडतात. रात्री काचेसमोर तो पडदा म्हणजे गॉगल घालून गाडी चालवणं.

तिसरी गोष्ट डोळ्याची. साध्या सपाट काचेवरचं प्रतिबिंब डोळ्यापासून मीटरभर अंतरावर असतं, तुमचं लक्ष साठ मीटरवर. प्रत्येक वेळी डोळ्याला फोकस बदलावा लागतो, आणि चाळिशीनंतर त्याला वेळ लागतो. कारखान्याच्या एचयूडीत वक्र आरसे घालून ते प्रतिबिंब दोन-अडीच मीटरवर ढकललेलं असतं, म्हणून ते कमी त्रास देतं. आणि लक्षाचं म्हणाल तर १९८० मध्ये नासाच्या सिम्युलेटरवर विमानाच्या एचयूडीची चाचणी झाली होती. धावपट्टीवर दुसरं विमान आडवं उभं केलेलं, आणि अनुभवी वैमानिकांपैकी काहींना ते एचयूडीतून समोर बघत असताना दिसलंच नाही. डोळे समोर होते, लक्ष आकड्यांवर. कॅडिलॅकनं सुरुवातीला थर्मलचं पूर्ण चित्र काचेच्या तळाशी पाडलं होतं. नंतरच्या बीएमडब्ल्यू-ऑडीनं चित्र मीटरच्या किंवा मधल्या स्क्रीनवर दिलं, आणि बीएमडब्ल्यूच्या काचेवर येतं ते सावधान करणारं चिन्ह. जगातल्या श्रीमंत कंपन्या जिथे येऊन थांबल्या तिथूनच आपण सुरुवात करू.

म्हणून तुमच्या गाडीत स्क्रीन अशी बसेल: पाच ते सात इंची, मीटरच्या वर डॅशवर, तिची वरची कड बॉनेटच्या रेषेखाली. मान न वळवता, डोळे जरा खाली केले की दिसावी. मधल्या म्युझिक सिस्टीमवर हे चित्र घेऊ नका, तिकडे बघायला मान वळते. एअरबॅगच्या झाकणावर किंवा डोकं आपटेल अशा जागी काहीही नको. ब्राइटनेस एवढा कमी, की दुकानात तुम्हाला वाटावं स्क्रीन बिघडलीय. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि लखलखीत स्क्रीन ते क्षणात घालवते. रात्रीचा ब्राइटनेस वेगळा ठेवता येत नसेल तर वर गडद ॲम्बर फिल्म चिकटवा. स्क्रीनवर, काचेवर नाही.

आरपार काहीतरी हवंच अशी हौस असेल तर बलेनो-ब्रेझाला डॅशवरून उभी राहते तशी छोटी वेगळी काच येते. त्यावर वेगाचा आकडा घ्या. मीटरकडे बघायचं वाचतं, एवढा त्याचा खरा उपयोग.

वायरिंगचं थोडक्यात. वायरलेस कॅमेरा घेऊ नका, चित्र मागे राहतं. किती मागे, ते घरी मोजता येतं: मोबाईलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरा आणि दुसऱ्या मोबाईलनं स्टॉपवॉच व स्क्रीन दोन्ही एका फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे विलंब. दीडशे मिलिसेकंदांच्या वर गेला तर नको, ताशी ८० ला तेवढ्यात गाडी तीन मीटरच्या पुढे जाते. एएचडी कॅमेरा, म्हणजे तारेवरून एचडी चित्र पाठवणारा, एवढा पुरतो. करंट इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून, स्वतंत्र फ्यूज घालून. इन्फ्रारेड दिव्याला रिले, म्हणजे छोट्या बटणावरून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अर्थ बॉडीला, रंग खरवडून. तार इंजिनच्या बाजूनं आत घेताना रबरी ग्रोमेटमधूनच, पत्र्याच्या भोकातून नुसती ओढलेली तार एका पावसाळ्यात सोलते. रिव्हर्सचा कॅमेरा पुढे लावलात तर त्याचं चित्र आरशासारखं उलटं असतं. त्याच्या केबलला एक छोटा बंद फास असतो, बहुधा हिरवा किंवा पांढरा, तो कापला की सुलटं होतं. हे न करता गाडी रस्त्यावर काढू नका, डावीकडची ट्रॉली उजवीकडे दिसेल. सर्व्हिसिंगवाल्याला सांगून ठेवा, प्रेशरचा फवारा कॅमेऱ्यावर मारायचा नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ घडणीत बदल करायला मनाई आहे. ग्रिल कापणं, बंपर कापणं टाळा, ब्रॅकेट बोल्टवर बसवा म्हणजे काढता येतं. विमा कंपनीला ॲक्सेसरी म्हणून कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोंड बघत बसाल.

आणि हे सगळं करण्याआधी एक रविवार गाडीला द्या. हेडलाईटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करा. जुन्या वायरिंगमधून बल्बला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, रिले किट टाकलं की त्याच ६०/५५ वॉटच्या बल्बचा उजेड ओळखू येणार नाही इतका वाढतो. झोत भिंतीसमोर गाडी उभी करून, मागे नेहमीएवढा माल भरून सेट करा; मागे वजन आलं की नाक वर होतं आणि तुमचा डिपर समोरच्याचा अप्पर बनतो. वायपरचे रबर बदला. आणि समोरची काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या पॉलिशचा आणि देवासमोर लावलेल्या उदबत्तीचा एक तेलकट थर तिथे बसलेला असतो, दिवसा दिसत नाही, समोरून लाईट आला की सगळी काच पांढरी करतो. तुम्हाला समोरच्या लाईटचा जो त्रास होतोय, त्यातला निम्मा या थराचा असेल असा माझा अंदाज आहे. कागदावर थोडं स्पिरिट घेऊन दोनदा पुसा, कागद किती काळा निघतो बघा.

हे करूनही ट्रॉल्या उशिरा दिसत असतील तर कॅमेऱ्याला या. येण्याआधी बोलेरोचं साल, ग्रिलच्या मागे रेडिएटरपर्यंत किती बोटं जागा आहे, आणि हेडलाईटला आधी कुणी एलईडी टाकलेत का, एवढं कळवा. ब्रॅकेट त्याप्रमाणे बनवून ठेवतो.